एकाच जातीवर भिस्त किती ठेवायची?

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



पूर्वहंगामी लागणीसाठी बेण्याची नोंद सुरू झाली की गट कार्यालयात दरवर्षी एकच संवाद घडतो. सभासद येतात, बाकावर टेकतात, चहा येतो आणि मी वही उघडून विचारतो, "नाना, कोणती जात लिहू?" नाना माझ्याकडे असे पाहतात, जणू मी त्यांना त्यांच्याच गावाचे नाव विचारले. "साहेब, विचारता काय? शहाऐंशी बत्तीस लिहा." त्यांच्या मागचे तेच सांगतात. त्यांच्याही मागचे तेच. मधेच एखादा चोपण जमिनीवाला आवाज खाली आणून म्हणतो, "खालच्या वावरात दोनशे पासष्ट टाकू का? पण तोड टायमावर भेटंल ना?" संध्याकाळी वही पाहिली तर जातीच्या रकान्यात पहिल्या ओळीत को ८६०३२ आणि तिच्याखाली पानभर नुसते "सदर", "सदर", "सदर".

या "सदर"विषयी आज लिहायचे आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर उद्या बांधावर मलाच धरतील. को ८६०३२ ही जात गुणाची आहे, यात वाद नाही. वजन देते, उतारा देते, खोडवा चांगला फुटतो, पाण्याचा थोडाफार ताण काढते. गावोगावच्या सभांत तिचे गुण मीच गायले आहेत. तेव्हा माझी तक्रार जातीबद्दल नाही. सगळ्या गावाने आपली सगळी गुरे एकाच दाव्याला बांधावीत आणि दावे तुटणारच नाही असे समजून झोपी जावे, त्याबद्दल आहे.

उत्तर प्रदेशातली हकिगत पुष्कळांच्या कानावर आली असेल. कर्नालच्या ऊस पैदास केंद्रात डॉ. बक्षी राम यांनी को ०२३८ ही जात काढली. २००९ साली ती प्रसारित झाली. तिकडच्या थंड मुलखात पूर्वी साखर उतारा ९ टक्क्यांच्या आसपास घुटमळत असे. तो या जातीने ११ च्या पुढे नेला. शेतकऱ्याला टन मिळाले, कारखान्याला साखर मिळाली, मग दुसरी जात लावतो कोण? काही वर्षांतच त्या राज्यातील ८० टक्क्यांहून अधिक ऊस या एकाच जातीचा झाला. २०१९-२० च्या सुमारास तिच्यावर लाल कूज पडली. ही जात निवडली तेव्हा लाल कुजेला तोंड देत होती. पण बुरशीही बसून राहत नाही. तिने नवे रूप घेतले. शास्त्रज्ञांनी त्याला सीएफ १३ असा क्रमांक दिला. उभे फड वाळले, लोकांनी ते नांगरून टाकले. सरकारने जात बदला म्हणून सांगितले. नव्या जाती होत्याही, पण त्यांचे बेणे होते मूठभर आणि मागणारे लाखो.

इथे थोडा हिशेब मांडतो, कारण सगळी मेख इथे आहे. एका एकराच्या बेण्यात साधारण आठ ते दहा एकर लागण होते. समजा एखाद्या कारखान्याच्या भागात दहा हजार एकर ऊस आहे आणि प्रचलित जात अचानक हातची गेली. दुसऱ्या चांगल्या जातीचे बेणे दहा एकरच शिल्लक आहे. दहाचे शंभर, शंभराचे हजार, हजाराचे दहा हजार, म्हणजे सर्व काही सुरळीत झाले तरी तीन वर्षे. मधल्या काळात गाळायचे काय? तेच बेणे आधीपासून दोन हजार एकरांवर उभे असेल, तर एका वर्षात निभावते. दुसरी जात शेतात असणे म्हणजे विम्याचा हप्ता आहे, आणि हा हप्ता ऊस वाळल्यावर भरता येत नाही.

लाल कूज ओळखायची कशी, तेही सांगून ठेवतो. वरून तिसरे-चौथे पान कडेने पिवळे पडून वाळू लागते, पुढे शेंडा वाळतो. कांडी उभी चिरली तर आतला गर तांबडा, त्यात आडवे पांढरट पट्टे, आणि वास दारूसारखा आंबूस. असे दिसल्यास त्या बेटाचा ऊस बेण्यासाठी तर नाहीच, पण खोडव्यासाठीही ठेवू नये. हा रोग मुख्यतः बेण्यातून जातो. रोगट अवशेषांवरून वाहणाऱ्या पाण्यातूनही जातो. आपल्या भागात आजवर काणी आणि गवताळ वाढ यांचा जाच जास्त, लाल कुजेचा कमी. पण गाफील राहू नये. भारतात या रोगाची पहिली नोंद १९०१ साली बार्बर या शास्त्रज्ञांनी केली, ती गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात. आपण त्याच नदीच्या उगमाशी बसलो आहोत. आणि पेठ-सुरगाण्याचा घाट उतरला की खाली दक्षिण गुजरात. तिथे, आणि तामिळनाडूतही, को सी ६७१ या साखरेने ओथंबलेल्या जातीची लाल कुजेने काय दशा केली, ते त्या पट्ट्यातले जुने शेतकरी आजही सांगतात.

आपल्या दख्खनेत तरी वेगळे काय झाले? पुंड्या ऊस होता. मग ४१९ आली, लोक म्हणाले आता दुसरी जात नको. मग ७४० आली आणि तिने इतकी वर्षे राज्य केले, की ऊस म्हणजे ७४० असेच पोरांना वाटे. पुढे काणीने तिला ग्रासले. मग ६७१, आणि आता ८६०३२. प्रत्येक पिढीने आपल्या जातीला कायमची समजले. माझ्या वडिलांच्या तोंडी अजूनही "सातशे चाळीस"च असते, आणि मी काही बोललो की म्हणतात, "तुझी शहाऐंशी बत्तीस पण जाईल एक दिवस." तेव्हा मला राग यायचा.

आता या जाती आल्या कुठून? आपण म्हणतो, कारखान्याने दिली. कारखान्याला पाडेगावने दिली. खरे आहे, पण गोष्ट त्यापेक्षा लांबची आहे, आणि ती जातीच्या नावातच लिहिलेली आहे. आपण नाव वाचत नाही, आकडा तेवढा वाचतो.

"को" म्हणजे कोइमतूर. आपल्याकडे उसाला तुरा आला की आपण कपाळाला हात लावतो. वाढ खुंटली, वजन घटले, दशी पडली म्हणून. कोइमतूरला मात्र तुरा ही पर्वणी असते. तिथल्या हवेत तुऱ्यात जिवंत पराग तयार होतो, बी धरते. आपल्याकडच्या थंडीत ते सहसा होत नाही. म्हणून १९१२ साली तिथे ऊस पैदास केंद्र निघाले. आजही दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास निरनिराळ्या राज्यांच्या संशोधन केंद्रांतील माणसे तिथल्या राष्ट्रीय संकर बागेत येतात, आपापल्या गरजेप्रमाणे संकर करून घेतात आणि तुऱ्यातले ते कापसासारखे बी आपापल्या गावी नेतात. तिथे हजारो रोपे वाढवायची, त्यातली शेकडो ठेवायची, शेकड्यातली चार, आणि दहा-बारा वर्षांनी हाती लागली तर एक जात.

"कोएम" म्हणजे कोइमतूरला संकर आणि महाराष्ट्रात, पाडेगावला, निवड. आपली दोनशे पासष्ट ती हीच, कोएम ०२६५. "को सी" मधला सी तामिळनाडूतल्या कडलूरचा. "को लख" लखनौची. "को व्हीएसआय" मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटची. या संस्थेने तर आंबोलीच्या घाटात स्वतःचे संकर केंद्र उभारले आहे. म्हणजे ज्या जातीला आपण "आपली" म्हणतो, तिच्या नावापुढे दुसऱ्या गावाचे नाव जोडलेले आहे. इतक्या राज्यांनी एकमेकांना बेणे, बी आणि माहिती दिली नसती, तर यातली एकही जात आपल्या बांधाला लागली नसती.

त्याच्याही मागे जाऊ. बार्बर आणि व्यंकटरामन यांनी जाड, गोड उसाचा संकर केला तो कशाशी? तर नदी-ओढ्याकाठी माजणाऱ्या, पावसाळ्याच्या शेवटी पांढरे तुरे डोलवणाऱ्या रानगवताशी. उत्तरेत त्याला कांस म्हणतात. बोटाएवढी जाडीही नाही, गोडी नावाला. पण अंगात काटकपणा आणि रोगाला दाद न देणारा गुण. त्यातून १९१८ साली को २०५ बाहेर पडली. जावा बेटावर डच शास्त्रज्ञांनी याच वाटेने जाऊन १९२१ साली पीओजे २८७८ काढली. त्या जावाच्या जातीचा कोइमतूरच्या को २९० शी संकर झाला आणि जन्मली आपली ४१९. आजोबांनी ज्या उसावर विहीर बांधली, मुलींची लग्ने केली, त्या उसात निम्मे रक्त जावाचे होते. आणि आजची ८६०३२? को ६२१९८ आणि को सी ६७१ यांचे लेकरू. शेतातून गेलेली ६७१ संकर बागेत जपून ठेवलेली आहे, म्हणून तिची गोडी पुढच्या जातींसाठी अजून हाताशी आहे.

केरळात कण्णूरला उसाचा जागतिक संग्रह आहे. जुने, नवे, जंगली, गोड, अगोड असे तीन हजारांहून अधिक नमुने तिथे दरवर्षी नव्याने लावून जिवंत ठेवतात. असा दुसरा मोठा संग्रह अमेरिकेत मायामीला. जगात असे दोनच. एखाद्याला वाटेल, विनासाखरेचा ऊस कशाला सांभाळायचा? द्राक्षवाल्यांना विचारा. आपल्यापैकी निम्म्यांच्या बागा डॉगरिज खुंटावर उभ्या आहेत. हा खुंट अमेरिकेतल्या टेक्सासकडच्या रानवेलीचा. तिची द्राक्षे कोणी बाजारात नेणार नाही. पण खारवट पाण्यात आपली थॉमसन तीच तर धरून ठेवते! आणि फार लांब कशाला, इगतपुरीचा डोंगर ओलांडला की अकोले तालुका. तिथे कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरात गावठी वाल, घेवडे, भाताचे वाण मडक्यांत जपले. २०२० साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. आपण टाळ्या वाजवल्या. आपल्या स्वतःच्या पिकाचे वाण मात्र आपण मोडून टाकतो.

मोडून टाकतो म्हणताना माझ्यापासूनच सुरुवात करायला हवी. दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. कालव्याच्या खालच्या अंगाला, पाझराने चोपण झालेल्या तुकड्यात, एका वयस्क सभासदांकडे ७४० चा पाच-सहा गुंठे ऊस होता. गुळापुरता ठेवलेला. गटात तेवढाच एक जुना तुकडा राहिला होता आणि माझ्या तक्त्यात तो सलत होता. मी म्हणालो, "आबा, हे जुनं खोड कशाला सांभाळता? मोडा आता." आबांनी साहेब म्हणतो म्हणून मोडला. त्या जागी मी ८६०३२ चे बेणे दिले. उगवण ठीक झाली, पण उन्हाळ्यात पांढऱ्या खाराने कडेचे सरे जळाले. आबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या वर्षी बेण्याच्या वेळी आले आणि एवढेच म्हणाले, "साहेब, ते पहिलं बेणं कुठं भेटंल का?" मी चार ठिकाणी फोन केले. गटात नव्हते, शेजारच्या गटातही नव्हते. पुढे त्या तुकड्यात २६५ लावली आणि ती बऱ्यापैकी साधली, कारण खाराला ती दमाची आहे. पण आबांच्या प्रश्नाला उत्तर नव्हते, ते नव्हतेच. तक्ता मात्र माझा स्वच्छ झाला होता.

तेव्हापासून माझ्या मनात एक विचार घोळतो आहे, आणि त्याला नमुना आपल्याच जिल्ह्यात आहे. बागलाण, कळवण, मालेगाव भागात मोसम, आरम, गिरणा या नद्यांवर जुन्या बंधाऱ्यांची फड पद्धत आहे. आपण "उसाचा फड" म्हणतो तो निराळा. तिकडे बंधाऱ्याखालच्या भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग पाडतात, त्या प्रत्येकाला फड म्हणतात. यंदा या फडात ऊस, त्यात गहू-हरभरा, तिसऱ्यात भात किंवा बाजरी, हे गाव बसून ठरवी. पुढच्या वर्षी फेर. पाणी ज्याने त्याने घ्यायचे नाही. ते पाटकरी देणार, आणि राखणीला जागल्या. यातली खरी खुबी अशी, की बहुतेक शेतकऱ्यांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असे. त्यामुळे ऊस एकालाच आणि बाजरी दुसऱ्यालाच, असा अन्याय होत नसे. एक पीक बसले तरी कोणाचे सगळे घर बसत नसे. कायदा नव्हता, उपविधी नव्हते, सहकार खातेही नव्हते, त्या काळापासूनचा हा सहकार आहे. आता पुष्कळ ठिकाणी विहिरी-बोअर झाल्या आणि ही पद्धत मोडकळीला आली, हे खरे. पण तिच्यातली अक्कल मोडकळीला आलेली नाही.

तीच अक्कल जातींना लावायची. एका शिवारात एकाच जातीचा ऊस चाळीस टक्क्यांहून जास्त नसावा, असे माझे मत आहे. चाळीस हा आकडा काही दगडावरची रेघ नाही. पस्तीस म्हणा, पन्नास म्हणा. पण कुठेतरी कुंपण हवे. भारी, निचऱ्याच्या जमिनीत ८६०३२ राहू द्या. चोपणात २६५. लवकर तोडीला फुले १०००१ सारखी लवकर पिकणारी. शिवाय व्हीएसआय ०८००५, फुले १५०१२ अशा नव्या जाती प्रत्येक गावात निदान दोघा-तिघांच्या शेतात. आणि कारखान्याच्या बेणे मळ्यात एका कोपऱ्यात पंधरा-वीस जातींचे चार-चार सरे, त्यात ७४०, संपदा, संजीवनी, कृष्णा या जुन्याही. त्यांचे गाळप करायचे नाही, फक्त जिवंत ठेवायच्या. दहा-बारा गुंठ्यांचा हा मामला आहे.

पण एकट्या कारखान्याने हे करून भागणार नाही. आपल्या जिल्ह्यात काही धुराडी थंड झाली, काही भाडेपट्ट्याने गेली, हे तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्या भागातला ऊस आज गाड्या भरून नगर जिल्ह्यात जातो. ऊस नेणारा कारखाना टोळी पाठवतो, वजन करतो, बिल देतो. त्या गावात बेणे कोणते गेले, कुठून आले, रोगट होते का, हे पाहण्याची जबाबदारी कोणाची? मळा बंद पडला की पायाभूत बेणे संपले. मग शेतकरी मोबाईलवर एखादा लांबलचक ऊस पाहतो आणि कुठल्यातरी राज्यातून गाडी मागवतो. बेणे कुठल्या फडातले, प्रक्रिया झाली का, काही पत्ता नाही. शेतकऱ्याने आपले बेणे ठेवावे, वापरावे, शेजाऱ्याला द्यावे, हा हक्क त्याला २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने दिला आहे आणि तो राहिलाच पाहिजे. पण हक्काबरोबर तपासणीची सोय कोणी द्यायची?

नांदूर मध्यमेश्वरचे पाणी निफाड तालुक्यातून निघून कालव्याने कोपरगाव-राहात्याकडे जाते, तेव्हा ते तालुक्याची हद्द विचारत नाही. काणीचा काळा भुगा वाऱ्यावर उडतो, तोही विचारत नाही. तेव्हा दारणा-कादवा-गोदावरीपासून प्रवरेपर्यंतच्या कारखान्यांनी जाती आपसांत वाटून घ्याव्यात. तुम्ही या चार सांभाळा, आम्ही या चार. कोणाची गेली तर दुसऱ्याकडून घ्यायची. एखाद्या गटात नवा रोग दिसला तर आठ दिवसांच्या आत बाकीच्यांना लेखी कळवायचे, लपवायचे नाही. गळिताच्या वेळी ऊस पळवापळवीवरून आपण भांडतो ते भांडू, त्याला इलाज नाही. पण बेण्याच्या बाबतीत भांडण परवडणार नाही.

हे शक्य आहे का, असे विचाराल तर मी स्वतः पाहिलेले सांगतो. २००२ साली सांगलीकडे उसावर लोकरी मावा दिसला आणि बघता बघता राज्यभर पसरला. मी नुकतीच कृषी पदविका घेऊन एका कारखान्यात हंगामी मदतनीस म्हणून लागलो होतो. पानांची खालची बाजू पांढऱ्या लोकरीने भरलेली, वरची बाजू चिकट्याने काळी. फडात शिरलो की कपडे पांढरे व्हायचे. लोकांनी मिळेल ते औषध मारले, उंच उसात पंप चालेना, खर्च वाया गेला. मग संशोधन केंद्रांनी सांगितले, मावा खाणारे किडे आहेत, ते जपा. कोनोबाथ्रा आणि मायक्रोमस या मित्रकिडींची पाने आम्ही ज्या फडात त्या जास्त होत्या तिथून तोडायचो आणि दुसऱ्या गावच्या फडात नेऊन टाचायचो. या कारखान्याची पाने त्या कारखान्याच्या फडात. कोणी पैसे मागितले नाहीत. पुढे एनकार्शिया नावाची एक बारीक गांधीलमाशी, टाचणीच्या टोकाएवढी, थेट आसामातून आणून सोडली गेली. ईशान्येकडे हा मावा जुना, म्हणून त्याचा शत्रूही तिकडे जुना. आज लोकरी मावा अधूनमधून दिसतो, पण त्याची ती दहशत राहिली नाही. आसामातल्या त्या माशीला कोणी उपयोगाची नाही म्हणून मोडून टाकले असते तर?

आता आक्षेपांकडे येतो. ते खोटे नाहीत. पहिला आक्षेप आमच्याच कार्यालयातला. एफआरपी ठरते उताऱ्यावर. मूळ उतारा १०.२५ टक्के, त्यापुढे प्रत्येक ०.१ टक्क्याला जादा दर. कमी साखरेची जात आली की सर्वांचा सरासरी उतारा खाली येतो, म्हणजे एकाने टन वाढवले आणि दर सगळ्यांचा घटला. २६५ च्या बाबतीत हेच झाले. जात वजनाला दांडगी, पण उशिरा पिकणारी. आम्ही ती नोव्हेंबरात तोडली आणि उतारा नाही म्हणून तिलाच बदनाम केले. चूक जातीची होती की तोडीच्या कार्यक्रमाची? तेरा-चौदा महिन्यांनी, जानेवारीनंतर तोडली असती तर एवढी ओरड झाली नसती. उलट माझे म्हणणे असे, की हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ओढायचा तर लवकर, मध्यम आणि उशिरा पिकणाऱ्या अशा तिन्ही जाती लागतातच. सगळा ऊस एकाच जातीचा आणि एकाच महिन्यातला असेल तर सगळे एकाच दिवशी तोड मागणार, आणि चिटबॉयचे हाल कुत्रा खाणार नाही.

दुसरा आक्षेप तुमचा, आणि तो जास्त खरा आहे. "साहेब, दुसरी जात लावतो, पण तोड उशिरा दिली तर माझा गहू बुडाला, कांदा बुडाला, त्याचं काय?" याला शब्दांचे उत्तर नाही. दुसरी जात लावणाऱ्याला तिच्या पक्वतेप्रमाणे तोडीची तारीख लेखी मिळाली पाहिजे, आणि ती पाळली गेली पाहिजे. गावाच्या, गटाच्या भल्यासाठी एखाद्याने जोखीम घेतली तर त्याचा तोटा त्या एकट्याच्या पदरी टाकणे हा सहकार नव्हे. बेण्याचे निम्मे पैसे कारखान्याने सोसावेत, असेही मी सुचवले आहे. संचालक मंडळापुढे तसे टिपण ठेवले आहे. ते मंजूर होईल की नाही, मला सांगता येणार नाही. वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासदांनी हा विषय काढला तर टिपणाला वजन येईल, एवढे मात्र सांगतो. दरवर्षी सभेत साखरेचा कोटा, ऊस बिल, वाहतूक यांवर तासन् तास बोलणे होते. बेण्यावर कोणी बोललेले मी अजून ऐकले नाही.

तोवर माझ्या हातात आहे तेवढे मी केले आहे. यंदाच्या नोंदवहीत जातीच्या रकान्याशेजारी "दुसरी जात" असा एक रकाना पट्टीने आखून घेतला आहे. चार एकर लागण असेल तर निदान एक एकर या रकान्यात यावा. कोणती जात कोणत्या जमिनीला, हे ठरवायला शेतकी मदतनीस बांधावर येऊन माती पाहतील. ज्यांच्याकडे ७४०, संपदा, संजीवनी, कृष्णा यांपैकी कोणत्याही जुन्या जातीचे बेट शिल्लक असेल, मग ते गुळासाठी असो, रसवंतीसाठी असो की नुसते विहिरीच्या कडेला असो, त्यांनी ते मोडण्याआधी गट कार्यालयात कळवावे. आम्ही दोन-दोन डोळ्यांच्या वीस-पंचवीस टिपऱ्या घेऊन जाऊ, प्रक्रिया करून मळ्यात लावू आणि पाटीवर तुमच्या गावाचे नाव लिहू. नोंदीला येताना सातबारा आणि मागील हंगामाची बिलाची पावती सोबत आणावी. आबांनाही निरोप धाडला आहे. त्यांच्या एका नातेवाइकाकडे येवल्याच्या बाजूला ७४० चे दोन सरे असल्याचे ते म्हणत होते. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघे जाऊन पाहणार आहोत.